अँटीव्हायरस आहे, पण तो शेवटचा अपडेट कधी झाला?

मुक्ताईनगर तालुक्यातील विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका हे सगळे आज कुठल्या तरी संगणकातूनच पुढे जाते. कधी सेवा केंद्र, कधी झेरॉक्सचे दुकान, कधी विहारातील वाचनालयाला कुणी दिलेला जुना संगणक. आणि एकच पेनड्राइव्ह या सगळ्या ठिकाणी फिरतो. संगणकात अँटीव्हायरस आहे का, असे विचारले की "आहे ना" हे उत्तर ठरलेले. आम्हाला वाटते, खरा प्रश्न दुसराच आहे: तो शेवटचा अपडेट कधी झाला?

अपडेट म्हणजे नेमके काय?

अँटीव्हायरसजवळ घातक फाइली ओळखण्याच्या खुणांची यादी असते. आलेली फाइल तो या यादीशी ताडून पाहतो. फाइलच्या वागण्यावरूनही तो काही संशय घेतो, पण मोठा भरवसा यादीवरच असतो. नवे व्हायरस रोज तयार होतात. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीची यादी घेऊन बसलेला अँटीव्हायरस म्हणजे जुन्याच चोरांचे फोटो घेऊन उभा असलेला पहारेकरी.

साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात पुण्यात 'क्विक हील' उभा केला. तो फ्लॉपीचा जमाना होता. इंटरनेट घरोघरी नव्हते, त्यामुळे नवी यादी हातोहात किंवा टपालाने यायची. आज चित्र पालटले आहे. विंडोजसोबत फुकट मिळणाऱ्या डिफेंडरसाठी मायक्रोसॉफ्ट दिवसातून अनेक वेळा नवी यादी काढते. 'क्लॅमएव्ही' हा मोफत अँटीव्हायरस मूळ सेटिंगनुसार दिवसातून १२ वेळा, म्हणजे दर दोन तासांनी, नवी यादी आली का ते तपासतो.

मग अडते कुठे?

'आपोआप' या शब्दामागे अटी आहेत. संगणक चालू हवा आणि त्याला इंटरनेट हवे. आठवड्यातून दोनदा सुरू होणाऱ्या संगणकाची यादी मधल्या दिवसांत जुनीच राहते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा वाचवायला 'मीटर्ड कनेक्शन' चालू ठेवले, तर आपोआप होणारे काही डाउनलोड थांबतात. विकत घेतलेल्या अँटीव्हायरसची मुदत संपली की त्याचे चिन्ह पडद्यावर दिसत राहते, अपडेट मात्र बंद होतात. जुन्या संगणकातला घड्याळाचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि त्यामुळेही अपडेट अडू शकतात.

अपडेट दोन प्रकारचे

अँटीव्हायरसची यादी वेगळी आणि विंडोजमधील फटी बुजवणारी दुरुस्ती वेगळी. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' पसरला. त्याने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांवर संगणकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ती न घेतलेले संगणक दोन महिन्यांनी सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. त्याने हीच फट वापरली, शिवाय पासवर्ड चोरूनही तो पसरला. त्याचा फटका मर्स्क कंपनीला बसला आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.

विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. डिफेंडरची यादी तिथे यापुढेही काही काळ येत राहील, पण मुदतवाढीची नोंदणी केली नसेल तर नव्या फटी उघड्याच राहतील. म्हणून यादी ताजी दिसली की काम झाले, असे समजू नये.

अपडेटमुळेच संगणक बिघडला तर, अशी शंका काही जण घेतात. ती अगदीच खोटी नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पण ती चूक त्याच दिवशी सापडली आणि मागे घेतली गेली. अपडेट बंद ठेवलेल्या संगणकाचा धोका मात्र रोज वाढत जातो.

आपण काय करावे?

'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये शेवटच्या अपडेटची तारीख पाहावी. दोन-तीन दिवसांहून जुनी असेल तर 'चेक फॉर अपडेट्स' दाबावे. मुदत संपलेला अँटीव्हायरस काढून टाकावा. डिफेंडर आपोआप सुरू होतो. इंटरनेट नसलेल्या संगणकासाठी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून यादीची फाइल उतरवून पेनड्राइव्हने नेता येते. कागदपत्रांची एक प्रत त्या संगणकाबाहेर ठेवावी, कारण कुलूपबंद झालेली फाइल परत मिळेलच असे नाही.

वाचनालय, वसतिगृह किंवा सेवा केंद्रातील संगणकाची जबाबदारी एका ठरावीक कार्यकर्त्याकडे द्यावी आणि दर सोमवारी त्याने ही तारीख वहीत लिहावी, असे आम्ही सुचवतो. याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटे लागतात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी फाइल उघडली नाही, तर मुलाचे अख्खे वर्ष जाऊ शकते.