घराला गाडीची खोली जोडताना

बंगल्याच्या कडेला गॅरेज बांधायचे ठरले की आधी गाडी मोजावी. बऱ्याच छोट्या गाड्या चार मीटरच्या आतच असतात, पण दार उघडून माणसाला अंग चोरून उतरावे लागू नये म्हणून आतून निदान 10 फूट रुंदी आणि 18 फूट लांबी हवी. पुढची गाडी मोठी असणार, हे गृहीतच धरा.

मग परवानगी. महाराष्ट्रात बहुतेक शहरांना 2020 ची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. कुंपणालगत सोडलेल्या जागेत काय चालते, हे नगरपालिकेत विचारूनच पाया खणा. ‘शेजाऱ्यानेही बांधलंय’ हे उत्तर तिथे चालत नाही.

खरी गोम मात्र जोडात आहे. जुने घर बसून स्थिरावलेले असते. नवा पाया अजून बसायचा असतो. काळ्या मातीत तर पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून नवी भिंत जुन्या भिंतीत दाताळून घेऊ नये. मध्ये सुमारे इंचभर फट ठेवून तिच्यात लवचिक भरण घालावे आणि वरून पत्र्याची पट्टी बसवावी. गवंडी हसेल, ‘सिमेंटने बुजवून टाकतो’ म्हणेल. ऐकू नका, पहिल्याच पावसात तिथे तडा दिसेल.

फरशी घरापेक्षा खाली आणि फाटकाकडे उतरती ठेवा. शटर बंद असताना इंजिन कधीही चालू ठेवू नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.