खडकातले सोने आणि कागदावरचे सोने

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब आणि प्रवासवर्णने यांना कधी तोटा नसतो. यंदा मी थोडा आडवाटेचा विषय घेतला आहे, कारण गेले काही महिने तो माझ्या मनात घोळतो आहे. सोन्याची खाण विकसित करू पाहणाऱ्या एका कंपनीचे शेअर्स घ्यावेत की नाही, हा तो प्रश्न. ही कंपनी अद्याप सोने काढीत नाही. दख्खनच्या पठारावर खडकात खोल छिद्रे पाडून ते शोधते आहे. आपल्यापैकी दोघा-तिघा ज्येष्ठ सभासदांनी तीत रक्कम घातली आहे. खासगी व्यवसाय करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना निवृत्तिवेतन नसते. साठीनंतर अशा गोष्टींकडे नजर जरा अधिक आशेने वळते, यात नवल नाही.

हा मोह अगदीच निराधारही नाही. रायचूर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आणि तेथील हट्टीच्या खाणीतून आजही सोने निघते. ती कर्नाटक सरकारच्या मालकीची, त्यामुळे तिचे शेअर्स तुम्हा-आम्हाला मिळायचे नाहीत. त्याच जिल्ह्यात मस्की येथे १९१५ साली सी. बीडन या सुवर्णखाण अभियंत्याला अशोकाचा शिलालेख आढळला, आणि तोही सम्राटाचे नाव स्पष्ट उच्चारणारा. सोने शोधायला गेलेल्याच्या हाती इतिहास लागला! उलट कोलारकडे पाहावे. तेथील खाणी तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्या, खडकातील सोन्याचे प्रमाण घटत गेले, खर्च चढत गेला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. भूगर्भात सोने असणे आणि ते परवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

त्याचे गणित साधे आहे. एका टन खडकात तीन ग्रॅम सोने, हे प्रमाण वाईट समजले जात नाही. तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा; म्हणजे एका तोळ्यासाठी जवळजवळ चार टन खडक फोडायचा, दळायचा आणि सायनाइडच्या द्रावणातून काढायचा. म्हणूनच अहवालांत ‘संसाधन’ आणि ‘साठा’ असे दोन शब्द जपून वापरलेले असतात. खडकात अमुक इतके सोने असावे असा अंदाज म्हणजे संसाधन. त्यातले जे फायद्यात काढता येईल असे अभ्यासाअंती ठरते, तेवढाच साठा. प्राथमिक निदान आणि बायॉप्सीचा अहवाल यांत जे अंतर, तेच येथे. मला दाखवण्यात आलेल्या माहितीपत्रकात पहिलाच शब्द ठळक अक्षरांत होता.

आता माझ्या विषयाकडे येतो. मी विकृतिशास्त्राचा डॉक्टर. आमच्याकडे गाठीचा तुकडा तपासल्यावर पॅराफिनचा ब्लॉक जपून ठेवतात, कारण उद्या कोणी शंका घेतली तर दुसऱ्या तज्ज्ञाला तो नव्याने पाहता यावा. खाणकामातही हाच रिवाज आहे. छिद्रातून निघालेला खडकाचा दंड उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत राहतो. कॅनडातील ब्रे-एक्स या कंपनीने इंडोनेशियातील बुसांग येथे हा रिवाज मोडला. जवळजवळ सगळा दंड भुकटी करून पाठवला जाई, आणि त्या भुकटीत बाहेरून सोने मिसळलेले असे. कंपनीचे बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलर्सच्या घरात पोहोचले. मार्च १९९७ मध्ये तिचा भूवैज्ञानिक हेलिकॉप्टरमधून खाली पडून मरण पावला. त्याच महिन्यात फ्रीपोर्ट-मॅकमोरन कंपनीने स्वतः छिद्रे पाडून पाहिली, तर सोने नगण्य निघाले. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीने भेसळीवर शिक्कामोर्तब केले. बुडालेल्या पैशांत कॅनडातील शिक्षकांच्या निवृत्तिनिधीचेही पैसे होते. पुढे २००१ मध्ये तेथे अशा अहवालांसाठी कडक नियम आले.

सगळ्याच कंपन्या तशा असतात असे मी मुळीच म्हणत नाही. प्रामाणिक कंपनीचेही दैव कठीण असते. आपल्याकडे २०१५ साली खाण कायदा बदलून लिलावाची पद्धत आली. आधीपासून शोध घेणाऱ्यांना एका कलमान्वये सवलत होती. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातली प्रलंबित प्रकरणे संपुष्टात आणून फक्त खर्चाच्या भरपाईची तरतूद केली. सोने खरे, शोध खरा, आणि तरीही भागधारक रिकाम्या हाताने! शिवाय उत्पन्न नसलेल्या कंपनीला दर वेळी नवे शेअर्स विकूनच पैसा उभारावा लागतो. एक कोटी शेअर्सचे दोन कोटी झाले की माझा हिस्सा निम्मा होतो, आणि तो कोणी विचारून निम्मा करीत नाही. घरी सौभाग्यवतींचे मत सरळ आहे: सोनेच हवे असेल तर पाटल्या कराव्यात. अर्थशास्त्र म्हणून ते तितकेसे चुकीचे नाही.

मी कंपनीला पत्र पाठवून तीन गोष्टी विचारल्या. खडकाचे अर्धे दंड कोठे ठेवले आहेत आणि ते त्रयस्थाला पाहता येतील का? खाणपट्टा प्रत्यक्ष मंजूर झाला आहे, की अर्जच केलेला आहे? हाती असलेला पैसा किती महिने पुरेल? दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर आले, आणि ते समाधानकारक होते. पहिल्याबद्दल ‘योग्य ती काळजी घेतली जाते’ एवढेच लिहिले होते. मी पुन्हा विचारले आहे. रक्कम तूर्त बँकेतच, सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत आहे.