खेळाडूंची मोजदाद : आकड्यांमागील अर्थशास्त्र

बंगळुरूची ओळख सॉफ्टवेअरची नगरी अशी असली, तरी व्हिडिओ गेमच्या निर्मितीतही या शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. १९९७ मध्ये येथे स्थापन झालेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही या क्षेत्रातील देशातील आद्य कंपन्यांपैकी एक होय. झिंगा या अमेरिकी कंपनीनेही २०१० मध्ये येथे केंद्र सुरू केले. पुढे कर्नाटक शासनाने या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले. गुंतवणूक आणि रोजगार यांच्या चर्चेत खेळाडूंची संख्या नेहमीच पुढे केली जाते. ही संख्या नेमके काय सांगते, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

मोजणीची परिमाणे

या उद्योगात प्रामुख्याने तीन परिमाणे वापरली जातात. दिवसभरात किमान एकदा खेळणारे ते दैनिक सक्रिय खेळाडू, महिन्याभरात किमान एकदा खेळणारे ते मासिक सक्रिय खेळाडू आणि एकाच क्षणी खेळात असणारे ते समकालिक खेळाडू. एकाच खेळासाठी ही तिन्ही उत्तरे अगदी भिन्न असतात.

झिंगाचे उदाहरण बोलके आहे. २०१२ च्या दुसऱ्या तिमाहीत कंपनीने आपल्या सर्व खेळांचे मिळून मासिक सक्रिय खेळाडू ३०.६ कोटी, तर दैनिक ७.२ कोटी असल्याचे जाहीर केले. मात्र ही मोजणी खेळनिहाय होती. दोन खेळ खेळणारी व्यक्ती दोनदा मोजली जाई. प्रत्येक व्यक्ती एकदाच धरल्यास मासिक संख्या १९.२ कोटी भरत होती. त्यांपैकी पैसे मोजणारे सुमारे ४१ लाख, म्हणजे शंभरात जेमतेम दोन. खेळाडू फेसबुककडून मोबाइलकडे वळू लागले आणि वर्षभरात दैनिक संख्या ३.९ कोटींवर आली. जून २०१३ मध्ये कंपनीने जगभरातील सुमारे ५२० कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली. एम्पायर्स अँड अलाइज हा २०११ मध्ये आलेला तिचा डावपेचांचा खेळही त्याच वर्षी बंद झाला.

काळानुसार तुलना

डावपेचांच्या खेळांना सहसा दीर्घ आयुष्य लाभते. प्रकाशनाच्या वेळी खेळाडूंची संख्या शिखर गाठते, नंतर ती ओसरते; नवा विस्तार किंवा किमतीतील सवलत आली की पुन्हा वाढते. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

२०२२ मध्ये झिंगा विकत घेणाऱ्या टेक-टू या कंपनीचाच सिव्हिलायझेशन हा प्रसिद्ध खेळ पाहा. त्याची सहावी आवृत्ती २०१६ ची, सातवी फेब्रुवारी २०२५ ची. सातवी आवृत्ती येऊन काही महिने होताच, स्टीम या संगणकीय विक्रीमंचावर जुन्या आवृत्तीचे समकालिक खेळाडू नवीपेक्षा अधिक दिसू लागले. हा कल दुर्लक्षिण्यासारखा नाही. तथापि नवी आवृत्ती पहिल्या दिवसापासून टीव्हीला जोडावयाच्या खेळयंत्रांवरही उपलब्ध होती आणि तेथील खेळाडू स्टीमच्या मोजणीत येत नाहीत. मोजपट्टी जेवढ्या जागेवर ठेवली, तेवढीच लांबी ती सांगते.

धोरणासाठी बोध

दूरध्वनी क्षेत्रात हा धडा आपण पूर्वीच गिरवला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण मोबाइलच्या एकूण जोडण्यांबरोबर प्रत्यक्ष सक्रिय जोडण्यांचा आकडाही प्रसिद्ध करते. खेळ उद्योगातही अशी शिस्त हवी. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. असे खेळ आणि डावपेचांचे खेळ एकाच बेरजेत धरणारी जुनी आकडेवारी यापुढील अंदाजांना आधार म्हणून अपुरी पडेल.

कोणाला मोजले, किती कालावधीत मोजले आणि कोणत्या मंचावर मोजले, हे तीन प्रश्न प्रत्येक आकड्याला विचारले पाहिजेत. या क्षेत्रात उपजीविका शोधणाऱ्या तरुणांचे भवितव्य फुगवलेल्या बेरजेवर अवलंबून राहू नये, यासाठी एवढी दक्षता आवश्यकच आहे.