अंतराळयात्री आणि तिची सहचरी

सॅली राइड यांचे आम्ही स्मरण करतो, ते प्रथम त्यांच्या धैर्यासाठी. १९८३ च्या जूनमध्ये 'चॅलेंजर' यानातून त्या अंतराळात गेल्या, तेव्हा त्यांचे वय ३२ वर्षांचे होते. सोव्हिएत रशियाच्या दोन स्त्रिया त्यांच्या आधी जाऊन आल्या होत्या. अमेरिकेची मात्र ही पहिलीच. पदार्थविज्ञानाच्या या विदुषीला उड्डाणापूर्वी वार्ताहरांनी विचारले, काम बिघडले की तुम्ही रडता काय? पुढे यानाचा यांत्रिक हात चालवून उपग्रह सोडण्याचे व परत पकडण्याचे काम त्यांनी सहकाऱ्यासह चोख पार पाडले.

२३ जुलै २०१२ रोजी कर्करोगाने त्या निवर्तल्या. त्या वेळच्या निवेदनात टॅम ओशॉनसी यांचा, २७ वर्षांच्या सहचरी म्हणून, उल्लेख होता. दोघींची ओळख बालपणी टेनिसच्या मैदानावर झालेली. मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकेही त्यांनी मिळून लिहिली. त्यांचे नाते जगाला कळले ते मात्र या निवेदनातूनच.

आता प्रश्न असा, की अशा जोडीदाराला कायदा कोण मानीत होता? १९९६ च्या एका कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने ठरविले होते, की विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचाच. काही राज्यांनी दोन स्त्रियांचा विवाह मान्य केला, तरी केंद्राच्या दफ्तरी त्या परक्याच राहत. पती-पत्नी हे शब्द हजाराहून अधिक केंद्रीय तरतुदींत येतात. निवृत्तिवेतन, वारसाकर, मृताच्या पश्चात मिळणारे साहाय्य, सारे त्या शब्दांवर अवलंबून. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांची पत्नी २००९ मध्ये वारली. जोडीदार पुरुष असता तर एक पैसाही कर पडला नसता. त्यांना मात्र ३ लाख ६३ हजार डॉलरांहून अधिक कर भरावा लागला. त्यांच्याच दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१३ रोजी ती व्याख्या रद्द केली, आणि २०१५ मध्ये सर्व राज्यांत असे विवाह वैध ठरविले.

२०१३ च्या नोव्हेंबरात सॅली राइड यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. ते टॅम ओशॉनसी यांनी स्वीकारले. न्यायालयाच्या निकालाला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. मागे राहिलेल्या माणसाचे दुःख कायद्याच्या व्याख्येने कमी होत नाही. त्याचा आधार मात्र हिरावला जातो, हे आम्ही विसरू नये.