स्पष्टवक्त्या शिक्षकाची किंमत

दूरच्या सत्ताधीशावर टीका करणे धोक्याचे असते. पण आपल्याच आळीतील माणसांच्या रूढींवर टीका करणे त्याहूनही अवघड असते. सत्ताधीश लेखकाला ओळखत नसतो, शेजारी ओळखत असतो. त्यातून लेखक शिक्षक असेल, तर ज्यांच्या आचारविचारांवर तो लेखणी चालवितो, त्यांच्याच मुलांसमोर त्याला दुसऱ्या दिवशी उभे राहावे लागते. गोपाळ गणेश आगरकर यांचे आयुष्य या कोंडीतच गेले.

कऱ्हाडजवळील टेंभू गावी 1856 मध्ये जन्मलेल्या आगरकरांचे शिक्षण दारिद्र्यात झाले. एम. ए. झालेल्या तरुणाला तेव्हा सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. परंतु आपण पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून लोकांसाठी झटणार, असे त्यांनी आईला आधीच कळविले होते. न्यू इंग्लिश स्कूलमधील अध्यापन आणि 1881 मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे संपादन अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी पत्करली. कोल्हापूरच्या दिवाणाच्या अब्रुनुकसानीबद्दल 1882 मध्ये टिळकांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. सुटकेनंतर लोकांनी दोघांचा मोठा सत्कार केला.

पुढे हीच लेखणी बालविवाह, केशवपन आणि स्त्रियांचे अज्ञान यांकडे वळली. मतभेदांमुळे 1887 मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि 1888 च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढला. सुधारणेला शास्त्राधार शोधण्याचा मार्ग इतरांनी चोखाळला होता. आगरकरांनी बुद्धीलाच प्रमाण मानले. तेव्हा पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. दिवाणावर लिहिले तेव्हा सत्कार, घरातील अन्यायावर लिहिले तेव्हा तिरडी! माणूस तोच होता. फक्त टीकेचा रोख बदलला होता.

या विरोधाला आर्थिक बाजूही होती. खासगी शिक्षणसंस्था पालकांच्या विश्वासावर आणि देणगीदारांच्या औदार्यावर चालते. एका प्राध्यापकाचे परखड लेख सगळ्या संस्थेच्या झोळीला भोक पाडू शकतात. असे असूनही 1892 मध्ये आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. याचे श्रेय त्यांच्या धैर्याइतकेच, त्यांना सांभाळून घेणाऱ्या सहकाऱ्यांनाही दिले पाहिजे. 17 जून 1895 रोजी, वयाच्या अवघ्या 38 व्या वर्षी, दम्याने जर्जर झालेले आगरकर निवर्तले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

अशी माणसे व्रतस्थ असतात, असे म्हणून त्यांना नमस्कार करणे सोपे आहे. पण प्रत्येक शिक्षकाकडून अशा व्रताची अपेक्षा करणे हा समाजाचा आळस आहे. आज तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाला पुढच्या वर्षी नेमणूक मिळेल की नाही, याचीच शाश्वती नसते. गावातील संस्थाचालकाच्या कारभाराविषयी त्याने स्थानिक पत्रात चार ओळी लिहाव्यात, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आणि ज्यांच्या वेतनाची शाश्वती आहे, त्यांच्या मौनाचे समर्थन कसे करावे?

गावाला खरे बोलणारा शिक्षक हवा असेल, तर त्याची भाकरी गावाच्या लहरीवर अवलंबून ठेवून चालणार नाही. आणि ज्याची भाकरी सुरक्षित आहे, त्याने ती कशासाठी सुरक्षित केली गेली, याचे स्मरण ठेवले पाहिजे.