पूर्वज नव्हे, भाऊबंद

पेडणे-डिचोलीच्या बागायतींत माकडांनी केलेली नारळांची नासाडी पाहून ‘हेच म्हणे आपले पूर्वज!’ असे उद्गार आम्ही अनेकदा ऐकले आहेत. शास्त्र तसे म्हणत नाही. आजचे माकड आपला पणजोबा नव्हे, दूरचा भाऊबंद होय. उभयतांचा समाईक पूर्वज सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला.

नाते रूपावरूनही ठरत नाही. गोव्याच्या रानांत रात्री हिंडणारी, टपोऱ्या डोळ्यांची लाजवंती आपल्यासारखीच बिनशेपटीची. परंतु तिची शाखा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच वेगळी झाली. शेपटीवाले माकडच आपल्याला अधिक जवळचे!

भाऊबंदकीत तंटे व्हायचेच. नारळ अवश्य राखावेत. मात्र दगड उचलताना हे नाते आठवावे, एवढीच आमची विनंती.