रहस्यकथा आणि तिचा कुरकुरणारा वाचक

रहस्यकथेच्या वाचकाची तक्रार बहुधा शेवटाबद्दल असते. ‘खुनी कोण ते विसाव्या पानावरच कळलं’ आणि ‘खुनी कोण ते कळणं शक्यच नव्हतं’ ही दोन्ही मते एकाच कादंबरीबद्दल, एकाच वाचनालयाच्या टेबलाशी ऐकू येतात. पहिल्या वाचकाला लेखक कच्चा वाटतो, दुसऱ्याला लबाड. सगळे धागेदोरे डोळ्यांसमोर ठेवावेत आणि तरीही चकवावे, अशी ही दुहेरी अट आहे.

या अटीवरून सर्वांत मोठा वाद इंग्लंडमध्ये झाला. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ 1926 साली आली आणि तिच्या उलगड्यावरून वाचकांत दोन तट पडले. ही फसवणूक आहे, असे एक पक्ष म्हणाला. लेखिकेने एकही खोटे वाक्य लिहिलेले नाही, असे दुसऱ्याने पाने उलटून दाखवले. (कादंबरी वाचायची राहिलेले वाचकही असतीलच, तेव्हा खुन्याचे नाव इथे नको.) पुढे 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांत एकाहून अधिक गुप्त भुयारांना मनाई आहे, आधी सुगावा दिल्याशिवाय जुळा भाऊ आणायला बंदी आहे, आणि डिटेक्टिव्हनेच गुन्हा करायचा नाही, असेही बजावले आहे. नियम थट्टेच्या सुरात असले, तरी त्यांमागे वाचकांच्या खऱ्या कुरबुरी आहेत.

आवडीची टोकेही तितकीच लांब. एडमंड विल्सन या अमेरिकी समीक्षकाने 1944 मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये लोक असल्या कथा वाचतात तरी का, असा सवाल केला. संतापलेल्या वाचकांची पत्रे आली, ‘हे वाचून बघा’ म्हणून पुस्तकांची नावे आली. विल्सनने त्यांतली काही वाचली आणि 1945 मध्ये आणखी कडक लेख लिहिला. उलट डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने 1948 मध्ये मोकळेपणाने सांगितले की, आपल्याला रहस्यकथेचे तंबाखू-दारूसारखे व्यसन आहे.

मराठीत असे जाहीर भांडण फारसे झालेच नाही. इथे समीक्षकांनी रहस्यकथेला नावे ठेवण्याइतकेही महत्त्व दिले नाही, आणि तीच तिची खरी उपेक्षा. गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कादंबऱ्यांवरून रचलेल्या अद्भुतरम्य कथांपासून मराठी वाचकाला या चवीची सवय होती. मग बाबुराव अर्नाळकर (1906–1996) आले आणि त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्याबद्दलचे वाचकांचे मत छापील परीक्षणांत शोधून सापडणार नाही. ते सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या कपाटात होते. कोपरे झिजलेली, पाठीला खाकी कागद डकवलेली, ‘आत आहे का?’ म्हणून रोज विचारली जाणारी पुस्तके, हाच तो अभिप्राय. एखादा खट्याळ वाचक पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवी. त्याच्याइतका सगळ्यांच्या शिव्या खाणारा समीक्षक मराठीत दुसरा झाला नसेल.

अर्नाळकरांच्या वाचकाला कोड्यापेक्षा माणूस हवा होता. झुंझार आणि विजया, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावे त्याच्या तोंडी राहिली. कुठल्या पुस्तकात कोणाचा खून झाला, हे तो विसरला. त्यातही झुंझार आणि काळा पहाड कायद्याला वळसा घालून दुष्टाला धडा शिकवणारे. ख्रिस्तीच्या वाचकाला न्याय तर्काने हवा असतो, झुंझारच्या वाचकाला तो हिमतीने हवा होता. म्हणून धागा निसटला तरी त्याची तक्रार नसे. नायक हरला असता, तर मात्र त्याने माफ केले नसते. या बाबतीत लंडनचा वाचक वेगळा नव्हता. कॉनन डॉयलने 1893 मध्ये होम्सला धबधब्यात लोटले, तेव्हा वाचक इतके खवळले की अखेर 1903 मध्ये त्याला जिवंत परत आणावे लागले.

गुरुनाथ नाईकांच्या वाचकांनी हेरगिरी आणि सैनिकी साहस उचलून धरले. सुहास शिरवळकरांचा (1948–2003) वाचक बहुतेक कॉलेजातला. दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास यांच्या कथांत त्याला कथानकाइतकीच संवादांतली चमक आवडे, आणि ‘दुनियादारी’ या कॉलेजजीवनावरच्या कादंबरीपर्यंत तो त्यांच्याबरोबर सहज गेला. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना मात्र ‘साहित्य’ म्हणून दिवाणखान्यात जागा मिळाली. मजकुराच्या दर्जाइतकाच त्यात कागदाचा आणि मुखपृष्ठाचाही वाटा होता, असे म्हणायला जागा आहे.

‘हे इंग्रजीवरून उचललेलं आहे’ हा आक्षेप जुनाच. नारायण धारपांची (1925–2008) ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, हे मूळ पुस्तक हाती आल्यावर पुष्कळांना कळले. काहींचा विरस झाला. इतरांचे म्हणणे असे की, मराठी वाडा, मराठी अंधार आणि अमराठी पिशाच्च यांची सांगड घालणे हेही लेखकाचेच काम आहे. दुसरा पक्ष अधिक बरोबर वाटतो, मात्र मूळ लेखकाचे ऋण पुस्तकात छापलेले असावे.

शेवट आधी कळला तर मजा जाते, हे सगळेच धरून चालतात. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. रहस्यकथांसह निरनिराळ्या लघुकथा वाचकांना दिल्या, काहींना शेवट आधीच सांगितला; आणि शेवट ठाऊक असलेल्यांनीच कथांना सरासरीने जास्त गुण दिले. नंतरच्या प्रयोगांत उलट निष्कर्षही निघाले. शेवटचे पान आधी उघडून बघणाऱ्यांना तूर्त तरी निर्दोष सोडावे लागेल.

आज शिफारस पडद्यावरून होते, तशी तोंडीही चालते. शिरवळकरांची ‘समांतर’ 2020 मध्ये वेबमालिका होऊन आली आणि मूळ पुस्तकाची पुन्हा विचारणा सुरू झाली. 2018 च्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटामागे धारपांची एक कथा आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती प्रथम वाचली नव्हती. नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली होती.